तिसऱ्या घरातला सूर

एल्झीच्या डाव्या हाताची दोन बोटं सोमवारी कापायची असं ठरलं, तेव्हा मोझेलच्या मनात सगळ्यात आधी आली ती त्यांच्या गाण्यातली एक जागा. नवरा, त्याचं दुखणं, पुढचे दिवस, हे सगळं त्याच्या मागून आलं. दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या तिला त्याची लाज वाटली.

डॉक्टरनं एल्झीची तर्जनी आणि तिच्या शेजारचं बोट हातात धरून उलटसुलट पाहिलं होतं. तर्जनीचं टोक काळं पडलं होतं, जांभळासारखं. साखर एवढी वाढली की रक्त टोकापर्यंत पोचत नाही, असं काहीतरी तो सांगत होता.

"दोनच ना?" एल्झी म्हणाला. "नाक पुसायला बाकीची पुरतील."

डॉक्टर हसला नाही. मोझेलही हसली नाही. बसमध्ये एल्झी खिडकीकडे बसला आणि हात कोटाच्या खिशात घालून म्हणाला, "रविवार आहे अजून मध्ये. बाजारात एकदा बसू. क्लिओफसला सांग ढोल घेऊन ये म्हणावं."

"थंडी आहे."

"माझ्या बोटांना आता थंडीचं काय, मोझ."

शिकागोच्या वेस्ट साइडला दर रविवारी रस्त्यावर बाजार भरायचा. जुन्या टायरांपासून नव्या चपलांपर्यंत सगळं मिळायचं, आणि प्रत्येक कोपऱ्यावर कुणीतरी गिटार घेऊन बसलेलं असायचं. वरच्या मजल्यावरची एखादी बाई खिडकीतून विजेची वायर खाली सोडायची, तिच्यावर ॲम्प्लिफायर चालायचा, आणि दुपारी तिच्यासाठी तळलेल्या माशांची पुडी वर जायची. एल्झी आणि मोझेल मिसिसिपीहून आले त्या वर्षापासून तिथं बसत. तो गिटार वाजवायचा, ती माउथ ऑर्गन. बाईमाणसाच्या तोंडी माउथ ऑर्गन बघायलाच सुरुवातीला गर्दी जमायची.

लोक ज्या गाण्यासाठी थांबत ते गाणं एल्झीनं त्यांच्या मुलीवर केलं होतं. नार्वेल तिचं नाव. शाळेत जायला लागली त्याच हिवाळ्यात ती छातीच्या तापानं गेली. त्या वर्षी एल्झी कुणाशी बोलत नव्हता, गिटारशीही नाही. मग एके दिवशी स्वयंपाकघरात बसून त्यानं ते गाणं मोझेलला ऐकवलं. पहिली ओळ नेहमीसारखी, ज्या कॉर्डवर, सुरांच्या ज्या जुळणीवर, गाणं राहतं तिथंच फिरणारी. दुसरी ओळ सुरू झाली आणि गिटार एकदम भलतीकडेच गेली, जणू भिंतीत कुणी खिडकी पाडली.

"ही कुठली कॉर्ड?" तिनं विचारलं होतं.

"इथं ती मागचा जिना चढून येते," एल्झी म्हणाला. "धावत. दार ढकलते. ऐकू येतं का बघ."

तिला ऐकू आलं होतं. मागच्या लाकडी जिन्यावर नार्वेलचे बूट असेच वाजायचे, आणि दार भिंतीवर आपटायचं.

पण ऐकू येणं वेगळं आणि वाजवणं वेगळं. मोझेल वाजवायला शिकली होती ती गावच्या कापसाच्या शेताकडेला, मामाचा माउथ ऑर्गन चोरून. ज्या स्केलवर, सुरांच्या ज्या संचावर, तिचा श्वास बसला होता ते एकच स्केल ती सगळ्या गाण्यावर फिरवायची, गिटार कुठंही जावो. तीन कॉर्डच्या साध्या ब्लूज गाण्यांमध्ये ते चालतं. तिथं सगळेच तसं वाजवतात आणि त्याचीच लज्जत असते. एल्झी लग्नाच्या नव्या दिवसांत तिला चिडवायचा, "बाई माझी लग्नाला आणि मयताला एकच झगा घालून जाते."

"झगा बरा आहे ना? मग?" ती म्हणायची.

नार्वेलच्या गाण्याची रेकॉर्ड झाली तेव्हाही तिनं तोच झगा घातला. एका मोटार गॅरेजच्या मागच्या खोलीत एक गोरा माणूस यंत्र घेऊन बसला होता. दुसरी ओळ आली, गिटारनं दार उघडलं, आणि मोझेलनं आपला हक्काचा सूर लांबवर धरला, माउथ ऑर्गनच्या दुसऱ्या घरातून, म्हणजे भोकातून, श्वास आत ओढला की सहज मिळतो तो. एल्झीच्या कॉर्डमध्ये त्या जागी सूर होता तो अर्धी पायरी वरचा. दोन सूर एकमेकांवर घासले. चूक झाली हे तिला कळलं, काय चुकलं ते कळलं नाही. एल्झीनं मान वर केली नाही.

"पुन्हा करू का?" तिनं विचारलं.

"मुळीच नको," तो यंत्रवाला म्हणाला. "ते रडणं कुठून आणलंत तुम्ही? तस्सं राहू दे."

रेकॉर्ड वेस्ट साइडच्या दारूच्या दुकानांतल्या, नाणं टाकून वाजणाऱ्या पेट्यांमध्ये वाजली. बाजारात लोक ओरडून मागायला लागले, "मोझेल, ते रडणं ऐकव." ती ऐकवायची. पहिल्या काही दिवसांनंतर त्या जागी सूर घासेनासे झाले. कान सरावला असेल, असं तिला वाटलं. आई आपल्या पोरीसाठी रडते म्हणून लोक टोप्या काढायचे आणि ती मनात म्हणायची, मी रडत नाही, मी दार लावून घेते आहे. एल्झी दार उघडतो आणि मी त्याच्या तोंडावर लावते. वर्षानुवर्षं ती हे मनातच म्हणत आली होती. आता सोमवार तोंडावर आला होता.

मंगळवारी दुपारी ती रेकॉर्ड पिशवीत घालून चर्चच्या तळघरात गेली. तिथं आर्डिस पेटवे गायकमंडळाला शिकवायची. दोघी एका वयाच्या, पण आर्डिसनं उभ्या जन्मात देवाच्या गाण्याशिवाय काही वाजवलं नव्हतं, निदान चारचौघांत.

"नरकातली जागा पक्की करायला आलीस का?" आर्डिस म्हणाली. "देवाच्या पियानोवर ब्लूज?"

"देव मंगळवारी या तळघरात कशाला येईल? वरून पाइप गळतोय."

आर्डिसनं तोंड वाकडं केलं, पण रेकॉर्ड लावली. एकदा ऐकली. मग सुई उचलून दुसऱ्या ओळीवर ठेवली आणि पियानोवर तीच कॉर्ड दाबली.

"हे बघ. गाणं घरात आहे तोवर तू बरोबर आहेस. इथं त्यानं घर सोडलं. तू मात्र खुर्चीतून उठलीच नाहीस."

"मी सगळीकडे तेच वाजवते."

"तेच तर. सगळ्यावर तोच तिखट सॉस ओततेस. माशावर छान लागतो. पीचच्या गोड केकवर ओतशील का?"

आर्डिसचा आवाज उतरला. तिनं कॉर्डमधला एक सूर एकटा वाजवला. "प्रत्येक कॉर्डचं आपलं स्केल असतं. अख्खं नको वाजवूस, आपल्या वयाला झेपायचं नाही. आधीच्यात आणि याच्यात कुठला सूर बदलला तेवढाच शोध. बाकीचे सगळे तुझ्या ओळखीचेच आहेत. हा एकच नवा. हा घेतलास की तू त्याच्याबरोबर उठलीस."

"हा माझ्या बाज्यात नाही."

"मग कुठं आहे?"

मोझेलनं माउथ ऑर्गन ओठाला लावला आणि शोधायला लागली. फुंकून नव्हता, सरळ ओढूनही नव्हता. तिसऱ्या घरातून श्वास ओढायचा, जीभ मागे घ्यायची, घसा रुंद करायचा आणि सूर वाकवत वाकवत खाली न्यायचा. अर्धी पायरी, मग आणखी अर्धी, मग अगदी तळाशी, जिथं आतली पितळी पत्ती थरथरून सोडून देते, तिथं तो होता. विहिरीत हात घालून पडलेली अंगठी चाचपावी तसा. पहिल्या दिवशी तिला तो फक्त एकदा सापडला, आणि तोही लगेच निसटला. खालची कवळी हलायची. चर्चचा पियानो पट्टीला किंचित उतरलेला होता, त्यामुळे सापडलेला सूरही बसल्यासारखा वाटेना.

"तेवढा केसाएवढा फरक देवाचा," आर्डिस म्हणाली. "तो सोड. रेकॉर्डवरच्या गिटारशी जुळव."

मोझेल रोज दुपारी जायला लागली. गिटारची तीच एक जागा, सुई पुन्हा पुन्हा तिथंच. त्याच्या पुढच्या दोन कॉर्डवरचे बदलते सूर तिला जमले, ते पूर्वीपासून अंदाजानं सापडायचेच. झगडा होता तो तिसऱ्या घराच्या तळाशी. शुक्रवारी तो हात घालताच लागायला लागला, आणि आर्डिसनं पियानोवरून हात काढून घेतले.

"काय झालं?"

"काही नाही. ती पोर रविवारच्या शाळेत माझ्या वर्गात होती. जिन्यावर हळू चाल म्हणून मी तिला रागवायची."

घरी एल्झी विचारायचा, "कुठं असतेस ग रोज?"

"चर्चमध्ये. प्रार्थनेला."

"इतकी पापं कधी केलीस? मला का नेलं नाहीस?"

त्याला सांगून टाकावं असं तिच्या ओठावर आलं. पण सांगायचं म्हणजे आधी हेही सांगायला हवं होतं की इतकी वर्षं मी चुकत होते आणि मला ते ठाऊक होतं. ते ऐकून तो म्हणाला असता, जाऊ दे मोझ, लोकांना आवडतं ना. तिला त्याचं जाऊ दे नको होतं. न सांगता त्याच्या कानावर तो सूर पडावा, त्याची मान वर व्हावी, आणि त्याची बोटं असेपर्यंत एकदा ते दार नीट उघडावं, एवढंच तिला हवं होतं. गिटार त्यानं उन्हाळ्यापासून हातात घेतली नव्हती, तेव्हा घरी एकत्र वाजवून बघायचा प्रश्नच नव्हता.

रविवारी सकाळी ऊन होतं, पण वारा शहराकडेच्या मोठ्या तळ्यावरून येत होता. मोझेलनं माउथ ऑर्गन झग्याच्या आत छातीशी ठेवला होता, पत्त्या गार पडू नयेत म्हणून. वरच्या खिडकीतून वायर खाली आली. सॉसेज आणि परतलेल्या कांद्याचा धूर रस्त्याच्या अर्ध्यावर तरंगत होता. एल्झीनं तर्जनीवर पातळ फडकं गुंडाळलं होतं.

क्लिओफसनं ते पाहिलं आणि ढोलाचे स्क्रू आवळत म्हणाला, "अंगठी कसली घातलीस रे? दुसरं लग्न?"

"हिनं परवानगी दिली तर."

"घे की," मोझेल म्हणाली. "तिला सांग हा रात्री पाय धुऊन घेत नाही."

दोन गाणी झाली. एल्झी जपून वाजवत होता, पण हात विसरला नव्हता. गर्दी जमली. शेंगा विकणारा म्हातारा गाडी सोडून पुढे आला. कुणीतरी मागून म्हणालं, "नार्वेलचं." एल्झीनं मान हलवली आणि पहिली ओळ सुरू केली.

मोझेल पहिल्या ओळीत घरातच फिरली. मग तिनं डोळे मिटले. दुसरी ओळ आली. तिनं जीभ मागे घेतली, घसा उघडला, तिसऱ्या घराच्या तळाशी हात घातला, आणि सूर पहिल्या झटक्यात हाताला लागला. गोल, पूर्ण. तिनं तो लांबवर धरला.

तो असा घासला की तिच्या दातांत कळ गेली.

गिटार तिथं नव्हतीच. एल्झीनं कॉर्ड वाजवली होती, पण त्या कॉर्डमध्ये तिचा जुना सूर बसला होता, अर्धी पायरी खाली, मायनरचा, अंधारा. समोरच्या एका बाईनं तोंड कसनुसं केलं. क्लिओफसचा हात क्षणभर अडखळला. मोझेलनं डोळे उघडले तेव्हा एल्झी तिच्याकडे बघत होता. त्याची मान वर झाली होती, पण तिला हवी होती तशी नाही.

बोट दुखलं असेल, तिला वाटलं. तर्जनी तारेवर दाबली गेली नसेल. काळं पडलेलं बोट, त्याला मी कशाला भरीला घालते आहे. गाणं दुसऱ्यांदा फिरून यायचं होतं. त्या जागी आपण मुकाट्यानं जुना सूर धरायचा, तिनं ठरवलं. शेवटच्या दिवशी चारचौघांत त्याची गिटार चुकीची दिसायला नको.

गाणं फिरलं. पहिली ओळ संपली. दुसरी आली, आणि मोझेलनं दुसऱ्या घरातून तोच हक्काचा सूर ओढला.

त्याच क्षणी एल्झीनं तर्जनी तारेवर दाबली. सगळा जोर लावून, फडक्यासकट. कॉर्ड उघडली, रेकॉर्डवर उघडली होती तशी, स्वयंपाकघरात पहिल्यांदा उघडली होती तशी. आणि तिच्या ऐन दारात मोझेलचा सूर आडवा उभा होता.

"हां," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "हे ते. रेकॉर्डवरचं रडणं. कितीतरी वर्षांनी ऐकलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेंगावाल्या म्हाताऱ्यानं टोपी काढली. एल्झीनं शेवटची कॉर्ड कशीतरी पुरी केली आणि गिटार मांडीवर आडवी ठेवली. फडक्यातून ओल बाहेर आली होती.

मोझेल त्याच्या शेजारच्या पेटीवर बसली. क्लिओफस शहाणा माणूस, तो सगळ्यांसाठी माशांची पुडी आणायला निघून गेला.

"पहिल्यांदा बोट दुखलं का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग?"

"मी ते बोट तिथं ठेवतच नाही. उचलूनच धरतो."

"कधीपासून?"

"रेकॉर्ड झाली त्याच्या पुढच्या आठवड्यापासून."

त्यानं गिटारच्या मानेवरून अंगठा फिरवला.

"तू पोरीसाठी वाजवत होतीस. तिथं मी तुझी चूक काढू? एक बोट उचललं की तुझा सूर बसत होता. बोट उचलायला काय लागतं."

"म्हणजे इतकी वर्षं ती दारात..."

"नाही आली," एल्झी म्हणाला. "मी म्हटलं, राहू दे. तू तरी माझ्याबरोबर आहेस."

रस्त्यावर कुणीतरी कोंबड्या विकत होतं. त्यांचा कलकलाट चालला होता.

"आज तू तो सूर कुठून काढलास?" त्यानं विचारलं.

"चर्चमधून. आर्डिसनं शिकवला."

"आणि मी म्हणत होतो, इतकी पापं कुठली." तो हसायला गेला. मग म्हणाला, "ऐकला मी. तो वाजला तेव्हा कळलंच मला, आणि बोट उचललेलं होतं."

"दुसऱ्यांदा का ठेवलंस मग?"

"तू तिथं असशील म्हणून."

मोझेलनं त्याचा हात हातात घेतला. "पुन्हा एकदा. नुसती दुसरी ओळ. ढोल नको, लोक नकोत. मी येते, तू बोट ठेव."

एल्झीनं तिच्यासाठी प्रयत्न केला. गिटार उभी केली, तर्जनी तारेपर्यंत नेली. बोटाला तार कळत नव्हती. ते तारेवरून घसरलं आणि लाकडावर एक ओला डाग पडला. त्यानं पुन्हा नेलं, ते पुन्हा घसरलं. मग मधल्या बोटानं करून पाहिलं, तेही वाकेना. गिटारमधून नुसता खडखड आवाज आला.

"बसतच नाही ग," तो म्हणाला.

क्लिओफस पुडी घेऊन आला. मासे गरम होते. कुणी खाल्ले नाहीत.

सोमवारी बोटं कापली. एल्झी घरी आला तो भलामोठा पांढरा हात घेऊन. दुखण्यावरच्या गोळ्यांनी तो दिवसदिवस झोपायचा. गिटार मोझेलनं पलंगाखाली सरकवली, मग दिसते म्हणून कपाटामागे ठेवली, तरी तिची मान दिसायचीच.

एका दुपारी तो झोपलेला असताना तिनं रेकॉर्ड काढली. ती उघडलेली कॉर्ड आता जगात एवढ्या एकाच ठिकाणी उरली होती. एल्झीचं ते बोट त्या काळ्या रेघेत अजून तारेवर होतं. तिनं आवाज अगदी बारीक केला, माउथ ऑर्गन ओठाला लावला आणि दुसऱ्या ओळीची वाट पाहत राहिली.

दार उघडलं. मोझेलनं तिसऱ्या घराच्या तळातून सूर काढला. आणि त्याच वेळी रेकॉर्डमधली तरुण मोझेल, भरल्या छातीची, आपला जुना सूर लांबवर धरून तिथं उभी राहिली. ती हटेना. म्हातारीचा सूर तिच्यावर घासत राहिला. मोझेलनं सुई उचलून पुन्हा मागे ठेवली. पुन्हा तेच. गिटारला त्या तरुण बाईपासून सोडवायची काही सोय नव्हती. एकाच रेघेत दोघं कोरलेले होते.

शेवटी तिनं रेकॉर्ड बंद केली आणि तो सूर एकटाच वाजवला. चांगला लागला, शुक्रवारी चर्चमध्ये लागला होता त्याहूनही स्वच्छ. पण खाली कॉर्ड नसली की सूर कुठलाच नसतो. बरोबरही नाही, चूकही नाही. खोलीत नुसता आवाज झाला आणि विरला.

आतून एल्झी गुंगीत पुटपुटला, "मोझ, कोण आलंय ग मागच्या दाराशी?"

तिनं जिन्याकडे कान दिला. खाली कुणाचं तरी धुणं वाऱ्यावर फडफडत होतं.

"कुणी नाही," ती म्हणाली. "झोप तू."